नळाच्या दिवशीचं संगीत

त्या सकाळी साकेतनं ठरवलं, आज शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध करायचंच! ‘खाणतळ’ या गेमचं संगीत हे संगीतच आहे!

जगाचं मत वेगळं होतं. म्हणजे अर्ध्या जगाचं. त्या संगीतात ना चाल, ना ताल. गंजलेली चाकं, पंख्याची घरघर आणि खोल कुठेतरी गुरगुरणारं यंत्र. निम्मे खेळाडू त्याला थोर म्हणत, निम्मे पिठाची गिरणी! साकेत भौतिकशास्त्रात एम.एस्सी. त्यानं इंटरनेटवर आलेखांसकट चार पानी बचाव लिहिला. त्यावर एकच उत्तर आलं : ‘भावा, कान दाखवून घे.’

दोष संगीताचा नाही, मोबाइलच्या टिचभर स्पीकरचा आहे, असा साकेतचा निष्कर्ष. म्हणून त्यानं मित्राकडून वरातीत वाजणारा, कपाटाएवढा स्पीकर आणला आणि बटण दाबलं. यवतमाळातली ती गल्ली हादरली!

प्रयोगात एकच गोष्ट त्यानं हिशेबात धरली नव्हती. तो नळाचा दिवस होता.

पाचव्या दिवशी नळ येतो, तेव्हा गल्लीचे कान सशाचे होतात. कुणी चोरून नळाला टिल्लू पंप, म्हणजे पाणी ओढणारी छोटी मोटर लावली, की बाकीच्यांच्या तोटीतून नुसती हवा. आणि कुणी सापडला, की नगरपालिका थेट त्याची नळजोडणीच कापते!

पाच मिनिटांत दारावर थाप. शेजारचे अवधूतकाका, हातात रिकामी बादली. मागे समोरच्या सत्यशीलाकाकू.

“मोटर कुठं लपवली बे?”

“काका, मोटर नाही. संगीत आहे.”

“मले उल्लू बनवतो काय? पंचवीस वर्षं मोटरी दुरुस्त केल्या मी! अर्ध्या एचपीची हाय. बेअरिंग गेलं तिचं.”

“ते मुद्दाम तसं आहे! खाणीतली भीती वाटावी म्हणून!”

“वाटूनच राह्यली ना,” काकू म्हणाल्या. “माह्या टाकीत थेंब नाही!”

साकेतनं आलेख दाखवला. काकांनी चष्मा सरकवून पाहिला. “हे पाय, लोड वाढला की रेघ अशीच वर जाते. मोटरच हाय!”

काकूंनी पलंगाखाली डोकावलं. काकांनी कपाट उघडलं. मग दोघं स्वयंपाकघराकडे वळले, तर एरवी न विचारता चहा ठेवणारी साकेतची आई, शोभाताई, दोन्ही हात पसरून दारात उभी!

“आत पसारा आहे,” ती म्हणाली.

साकेतला ते जरा खटकलं. पण संगीताची अब्रू पणाला लागली होती! “मी हे बंद करतो. आवाज थांबला तर संगीत, नाही थांबला तर मोटर. मंजूर?”

काका घुटमळले. “कायले पाहिजे एवढं...” काकूंनाही गॅसवरची भाजी आठवली. पण माघार कोण घेणार?

“मंजूर!”

साकेतनं बटण दाबून स्पीकर बंद केला.

घूंऽऽऽ!

आवाज आईच्या पाठीमागून येत होता. दुसरा डावीकडच्या भिंतीपलीकडून, काकांच्या घरातून. तिसरा, जरा चिरका, समोर काकूंच्या न्हाणीतून. तीन दिशा, तीन सूर! एकत्र ते वाईट लागत नव्हते, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

काका बादलीत पाहू लागले. काकूंनी पदर नीट केला. आईनं छताला जाळी लागलीय का ते तपासलं.

तेवढ्यात रस्त्यावर सायकल थांबली. नगरपालिकेचे नळ सोडणारे देवसिंगभाऊ!

“कोनाची मोटर चालू हाय इथं?”

“लाव!” काका दबक्या आवाजात ओरडले. “लाव लवकर!”

स्पीकर गर्जला. देवसिंगभाऊ दारात आले. “हे काय वाजून राह्यलं?”

“संगीत हाय भाऊ!” काका छाती काढून म्हणाले. “याच्यात चाल आपण शोधा लागते. सगळ्याईले नाही समजत ते.”

“जगात नावाजलेलं हाय!” काकू म्हणाल्या.

“मुद्दाम तसं आहे,” आई म्हणाली.

देवसिंगभाऊंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, मान हलवली आणि कानात बोट घालून निघून गेले.

त्या दिवशी साकेतनं इंटरनेटवर लिहिलं : ‘आमच्या गल्लीत तीन कुटुंबं हे संगीत आवडीनं लावायला सांगतात. दर पाचव्या दिवशी. पूर्ण आवाजात.’

कारण मात्र त्यानं, आयुष्यात पहिल्यांदाच, नोंदवलं नाही.