शनिवार, दुपारी साडेचारचं लक्षण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचे गुडघे जायचेच. लिफ्ट बंद पडते म्हणून तर त्याला बोलावतात, मग तो वर जाणार कसा? जिन्याने! आपल्या मेकॅनिकचे गुडघे अशा अठ्ठावीस वर्षांच्या जिन्यांनी पार कामातून गेले होते. अशात गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी निघाली. गोळ्या खायच्या आणि वर मानधनही मिळणार म्हटल्यावर त्याने लगेच सही ठोकली. त्या मानधनातून बायकोला वॉशिंग मशीन घ्यायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. अट एकच होती. आठ आठवडे दारूला शिवायचं नाही.

"आणि ही वही रोज भरायची," डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. "जरा काही वेगळं जाणवलं की लिहायचं. आम्ही सगळं वाचतो."

मेकॅनिकचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे, म्हणून वही बायकोकडे गेली. पाच आठवडे तिने इमानेइतबारे 'वेगळं काही नाही' असं लिहिलं. सहाव्या आठवड्यात शनिवारी वर्कशॉपचे फोरमन निवृत्त झाले. निरोपाच्या जेवणात त्यांनी ग्लास पुढे केला.

"काय रे, माझ्यासाठी एवढंही नाही?"

ज्या माणसाने आयुष्यातला पहिला पाना हातात दिला, त्याला नाही कसं म्हणायचं? मेकॅनिकने दीड पेग घेतला, तोंडात मूठभर लवंगा कोंबल्या आणि घर गाठलं. नशीब जोरावर होतं. बायकोला सडकून सर्दी झालेली, तिला कशाचाच वास येत नव्हता.

पुढच्या शुक्रवारी दोघं तपासणीला गेले. डॉक्टरबाईंनी वही उघडली आणि वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"'शनिवार, दुपारी साडेचार,'" त्या मोठ्याने वाचू लागल्या. "'ह्यांनी न सांगता भांडी घासली. मला म्हणाले, तू बस, दमली असशील. मग माझा हात धरून म्हणाले, तू होतीस म्हणून मी आजवर उभा आहे, नाहीतर माझं काही खरं नव्हतं. डोळ्यांत पाणी. एकूण चाळीस मिनिटं. नंतर झोपले व घोरले, ते नेहमीचंच.' असं खरंच झालं?"

"अक्षरन् अक्षर खरं!" बायको म्हणाली. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! बाई, ही गोळी बाजारात कधी येणार हो? जन्मभर चालू ठेवली तर चालेल?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "अहो, गुडघ्याची गोळी डोक्यावर परिणाम करायला लागली म्हणजे प्रकरण गंभीर आहे." त्यांनी फोन उचलला. "वरिष्ठांना कळवते. कारण सापडेपर्यंत चाळीसच्या चाळीस जणांची गोळी बंद करावी लागेल."

मेकॅनिकच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर बाकावर चाचणीतल्याच एक आजीबाई बसल्या होत्या. दोन वर्षांनी आज प्रथमच कुणाचा आधार न घेता जिना चढले, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून धरून सांगत होत्या. गप्प बसावं तर त्यांची गोळी जाणार. बोलावं तर मशीन जाणार, अब्रू जाणार. आणि शेजारी बायको इतकी खुशीत बसली होती, तिचा तो आनंदही जाणार.

"फोन ठेवा, बाई," तो कसाबसा म्हणाला. "गोळीचा काही दोष नाही. मी प्यायलो होतो. दीड पेग."

डॉक्टरबाईंचा जीव भांड्यात पडला आणि मग त्या अशा काही कडाडल्या की विचारू नका. "या गोळीवर दारू? लिव्हरशी खेळ आहे हा!" लगोलग त्याचं रक्त काढलं गेलं, चाचणीतून नाव कटलं, आणि मानधन फक्त पाच आठवड्यांचं ठरलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "पण वेळेवर सांगितलंत, फार उपकार झाले. चाळीस लोकांचं नुकसान वाचवलंत. वही मात्र अजून आठवडाभर भरा. गोळी अंगातून जाईपर्यंत लक्ष ठेवायला हवं."

बायको वही घेऊन जिना उतरू लागली. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मात्र ती थांबली.

"म्हणजे त्या दिवशी दारू बोलत होती तर."

मेकॅनिकने कठडा धरला. या वेळी आधाराला अर्धा पेगसुद्धा नव्हता.

"नाही गं. बोलत मीच होतो. सव्वीस वर्षं नुसता धीर होत नव्हता. माझे ग्रीसने माखलेले कपडे तू हाताने घासलेस, एकदाही कुरकुर केली नाहीस. म्हणून मशीन घ्यायचं होतं, तर तेही घालवून बसलो. पण तू होतीस म्हणूनच मी उभा आहे. हे आज पूर्ण शुद्धीत सांगतोय."

ती त्याच्या अगदी जवळ आली, क्षणभर तशीच उभी राहिली.

"बरं, चला आता," ती म्हणाली. "लोक बघतायत." आणि उरलेला जिना तिने त्याला हाताला धरून उतरवला.

संध्याकाळी वहीत नवी नोंद पडली.

'शुक्रवार, दुपारी सव्वाबारा, दवाखान्याचा जिना. शनिवारचं लक्षण पुन्हा दिसलं. सर्दी गेली आहे, त्यामुळे जवळ जाऊन वास घेतला. फक्त चहाचा होता. कृपया यावर कोणताही उपचार करू नये.'