नाडी नसलेला धावपटू

"चाळीस वर्षं लोकांची घड्याळं वठणीवर आणली मी! हे एवढंसं काळं यंत्र मला काय शिकवणार?" असं तात्यांनी लेकीला पहिल्याच दिवशी फोनवर ठणकावून सांगितलं होतं.

तात्या म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. गेल्या वर्षी कामाच्या टेबलावरच त्यांना चक्कर आली आणि कपाळ थेट सुट्या भागांच्या ताटलीत आपटलं. शुद्धीवर आल्यावर गृहस्थांनी पहिलं काय विचारावं? "सेकंदकाटा कुठे गेला?" तो त्यांच्याच भुवईत सापडला! दुसऱ्या गावी शिक्षिका असलेली लेक तेव्हापासून हट्टालाच पेटली. "दुकान बंद करा आणि माझ्याकडे या." बरेच रुसवेफुगवे झाले आणि शेवटी एक अट ठरली. तिने पाठवलेलं धावण्याचं घड्याळ बांधून तात्यांनी तीस दिवस, एकही न चुकवता, रोज तीन किलोमीटर पळायचं. ते घड्याळ उपग्रहांना विचारून आणि हाताच्या झोक्यांवरून वाट मोजतं, मनगटावरून नाडी मोजतं आणि पळणाऱ्याची रेघ लेकीच्या फोनवर काढत जातं. तीस रेघा पुऱ्या झाल्या, तर दुकान राहील. एक जरी चुकली, तरी कुलूप!

अठ्ठावीस झाल्या होत्या. तात्यांचं पळणं म्हणजे घाईघाईने चालणं आणि मध्येच आठवण झाल्यासारख्या दोन उड्या. पण नेम मोडला नाही. मनात मात्र एक सल होता. "पोटच्या पोरीने बापावर पहारा बसवला," असं ते भिंतीवरच्या घड्याळांना ऐकवत. घड्याळं बिचारी टिकटिक करत. त्यांचा होकार समजून तात्या आणखी खट्टू होत.

एकोणतिसाव्या सकाळी ते पळून थेट दुकानात आले. दुरुस्त केलेलं घड्याळ दिवसभर स्वतः बांधून पारखल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. त्यासाठी मनगट मोकळं हवं. म्हणून धावण्याचं घड्याळ काढलं. 'थांब'चं बटण दाबायचं राहून गेलं! बरं, काढलेलं ठेवायचं कुठे? दुकानात एक फिरतं चाक होतं. काही घड्याळांची चावी हाताच्या हालचालीने आपोआप भरली जाते. अशी घड्याळं पडून राहिली तर बंद पडतात, म्हणून ती या चाकाला अडकवून गरगर फिरवत ठेवायची. डोकं विचार करायच्या आत तात्यांच्या हाताने काळं घड्याळही त्याच रांगेत अडकवलं. फोन नेहमीसारखा मागच्या खोलीतल्या खणात गेला. फोनमधल्या चुंबकाने नाजूक घड्याळं बिघडतात ना! मग डोळ्याला भिंग लावून तात्या कामात बुडाले ते बुडालेच.

अकराच्या सुमाराला दारात रुग्णवाहिका थांबली. आतून एक सिस्टर आणि पोट सावरत ड्रायव्हर उतरला. सिस्टरच्या हातात फोन, फोनवर नकाशा, नकाशावर हलता ठिपका.

"काका, इकडून एक आजोबा पळत गेले का हो?"

तात्यांनी भिंग वर केलं. आजोबा म्हटल्यावर स्वतःचा विचार मनात येण्याचा प्रश्नच नव्हता. "नाही बुवा. का?"

"सकाळी सहापासून पळताहेत! पाच तास झाले, मुलीचा फोनही उचलत नाहीत. साठ किलोमीटरच्या वर! आणि सगळे या एवढ्याशा गल्लीत. आता तर बँकेच्या भिंतीतून आरपार गेलेत."

"अरे बापरे!"

"आणि नाडी लागत नाही."

"नाडी नाही आणि पळताहेत?"

"म्हणून तर घाई आहे!"

तात्यांना फार वाईट वाटलं. "या वयात एकट्याला असं सोडतातच कसे घरचे? चला, मी येतो. गल्ली माझ्या पायाखालची आहे!"

आणि तात्या निघाले. शिंप्याच्या दुकानामागे पाहिलं, बँकेच्या जिन्याखाली पाहिलं. "आजोबा, घाबरू नका, आम्ही आहोत!" अशा हाका मारल्या. गल्लीला तीन फेऱ्या झाल्या. तात्या पुढे, सिस्टर मधे, आणि ड्रायव्हर मागे फुटक्या भात्यासारखा.

"सिस्टर," तो धापा टाकत म्हणाला, "ठिपका... पुन्हा... घड्याळांच्या दुकानात!"

"तिथे माझ्याशिवाय कोणी नाही," तात्या म्हणाले.

सिस्टरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, हे कळवणारी त्यांची मुलगी आहे. शिक्षिका आहे म्हणे, दुसऱ्या गावी. तुमची मुलगी काय करते?"

"शिक्षि..." म्हणाले आणि तात्यांचं तोंड उघडंच राहिलं.

दुकानात चाक शांतपणे फिरत होतं. काळं घड्याळ त्याच्यासोबत एकसष्टावा किलोमीटर पळत होतं!

सिस्टरने आधी तात्यांचा हात धरून नाडी मोजली, मग लेकीला फोन लावला. "ताई, तुमचे बाबा सुखरूप आहेत. स्वतःलाच शोधायला तीन फेऱ्या पळाले, तरी नाडी अगदी छान! आमच्या ड्रायव्हरची मोजायला मला धीर होत नाहीये."

तात्यांनी फोन घेतला. आता तोफ सुटणार! पलीकडून मात्र नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा, तुमची रेघ संपतच नव्हती. रोज ती संपली की मगच मी चहा घेते. आज पाण्याचा घोटही घेतला नाही अजून."

"रोज? अगं, हे कधी सांगितलं नाहीस!"

"सांगायचं काय त्यात."

तात्या चाकाकडे बघत राहिले. पहाऱ्याला बसलेलं माणूस उपाशी कशाला राहील? एकोणतीस दिवस ते ज्याला पहारा म्हणत होते, ते तिकडे कोणीतरी मुकाट्याने पाळलेलं व्रत होतं. त्यांनी घड्याळ उतरवलं आणि बटण दाबलं.

"संपली बघ रेघ. आधी पाणी पी. मी धरतो फोन."

पेला ठेवल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी फोन कानाला घट्ट लावून धरला.

"बाबा, दुकान राहू दे," लेक हळूच म्हणाली. "मी पुन्हा विषय काढणार नाही."

तेवढ्यात तिचा आवाज बदलला. "थांबा, घड्याळाचा निरोप आलाय. 'आजचे श्रम असाधारण. बहात्तर तास पूर्ण विश्रांती घ्या.'"

"अगं, पळालं चाक! मी कुठे?"

"बाबा, घड्याळ म्हणतंय म्हणजे विश्रांती! तीन दिवस दुकान बंद."

सिस्टर हसू दाबत होती. तात्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा ड्रायव्हरकडे, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "चौथ्या दिवशी उघडू ना गं?"