इकडचा 'ने' तिकडे

पिरोश्का कांदा चिरता चिरता फोर्कलिफ्टचे नियम पाठ म्हणायची, आणि समोर बसलेल्या देझोला एकेक नियम ढेकणासारखा चावायचा. हंगेरीतल्या केच्केमेतच्या त्या सुट्या भागांच्या कारखान्यात, गोदामावर, त्याची बावीस वर्षं गेली होती. ही बाई तीन वर्षांपूर्वी आली. आणि आता पाळीप्रमुख व्हायचं तर म्हणे अभ्यासक्रम करायचा, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र आणायचं. जागा एकच आणि परीक्षेला नवराबायको दोघंही.

अडलं तर तुझ्या पिरीला विचार, असं ती गोड आवाजात म्हणायची, त्यानंच त्याचं पित्त खवळायचं. बायकोच्या हाताखाली राबण्यापेक्षा रस्त्यावर टरबुजं विकीन, असं तो अख्ख्या गोदामाला सांगून बसला होता.

परीक्षेत निम्म्याहून जास्त प्रश्न त्याच्या डोक्यावरून गेले. शेजारच्या बाकावर पिरोश्का भराभरा लिहीत होती. तिनं पुरवणी मागितली तेव्हा तर त्याचा नुसता जळफळाट झाला. सुचलं ते खरडून तो उठला.

निकाल आला. 'हल्मोश देझो', शहाण्णव, उत्तीर्ण. 'हल्मोश देझोने', एकतीस, नापास.

आता आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बायका लग्नानंतर नवऱ्याचं अख्खं नावच घेतात. शेवटी एक 'ने' जोडला की झाली बायको. पिरोश्काही कागदोपत्री हल्मोश देझोनेच. कुणा कारकुनानं तो 'ने' भलत्याच कागदाला चिकटवलाय, हे देझोला तिथल्या तिथे कळलं. पण गडी मूग गिळून बसला. वर पालिंका दारूची बाटली फोडून शेजाऱ्यांना पाजली. पिरोश्का मुकाट्यानं त्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. जळणं म्हणजे काय ते हिला आता कळेल, असं त्याला वाटलं आणि फार बरं वाटलं.

देझो पाळीप्रमुख झाला आणि पहिल्याच दिवशी सेगेदला जायची सातशे खोकी सोप्रोनला गेली. ती परत आणायला दुसऱ्या दिवशी सगळे ट्रक धावले, म्हणून तिसऱ्या दिवशी माल न्यायला ट्रकच उरले नाहीत. चौथ्या दिवशी गोदाम असं तुंबलं की कामगार खिडकीतून आत येऊ लागले. पिरोश्कानं निकालानंतर लगेच फेरतपासणीचा अर्ज ठोकला होता; तेवढ्यात 'देझोने' नावाची ती नापास उत्तरपत्रिका येऊन पडली.

व्यवस्थापक वेंदेल साहेबांनी ती सगळ्यांदेखत उघडली.

"प्रश्न चौथा. आलेल्या मालात खोट निघाली तर आधी काय कराल? उत्तर, पिरीला विचारीन. सातवा. दोन गाड्या एकदम आल्या तर? पिरीला विचारीन. अकरावा, पुन्हा तेच." साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही स्वतःलाच विचारणार होतात?"

कुणीतरी फिसकन हसलं. देझोचे कान लालबुंद झाले. पिरोश्कानं पत्रिका हातात घेतली, अक्षर ओळखलं आणि देझोकडे पाहिलं.

"घरी विचारायला मात्र जीभ रेटली नाही तुझी," ती हळू आवाजात म्हणाली.

बाहेर ट्रकवाले भोंगे वाजवून जीव खात होते. साहेब देझोकडे वळले. "प्रमुख तुम्ही आहात ना? मग बोला, आता काय करायचं?"

देझोनं छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"पिरीला विचारा," तो म्हणाला.