टकटकबुवांची काठी आणि पाणमांजरांचा डोह

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असे मला घरी दोनदा बजावलेले आहे. एकदा साध्या आवाजात आणि एकदा डोळे मोठे करून. म्हणून मी ती जंगलात नेऊन ठेवली आहे. जंगलातले कुणी आमच्या घरी येत नाही आणि आमच्या घरातले कुणी जंगलात जात नाही. तेव्हा मुलांनो, नीट बसा. ऐकून झाली की विसरून जा.

एका जंगलात भांडण झाले की कुणी कुणाला चावत नसे. पूल खेळत.

पूल म्हणजे नदीवरचा नव्हे. हा टेबलावरचा खेळ आहे. टेबलावर हिरवे कापड असते आणि कडेला सहा भोके असतात. लांब काठीने पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा. पांढऱ्याने जाऊन आपापल्या वाट्याच्या सात रंगीत चेंडूंना भोकात पाडायचे. काळा चेंडू सगळ्यांत शेवटी. तो ज्याने पाडला तो जिंकला.

फार पूर्वी शिकारीला येणारे एक साहेब आपला बंगला टाकून निघून गेले. वाळवीने बंगला खाल्ला. टेबलाची फळी दगडाची होती, म्हणून ती तेवढी राहिली. वरचे कापड सुगरणी दरवर्षी गवताचे नवे विणत. तेव्हापासून रीतच पडली. दर चैत्रात, ज्याचे ज्याच्याशी भांडण असेल त्याने त्याच्याशी एक डाव खेळायचा. जो जिंकेल त्याचे खरे, आणि जो हरेल त्याने त्याबद्दल वर्षभर तोंड उघडायचे नाही.

त्या जंगलात एक डोह होता. डोहात पाणमांजरे राहत. पोहत, मासे खात, काठावर अंग वाळवत आणि पुन्हा ओले करत.

सुळेराव नावाच्या रानडुकराला तोच डोह लोळायला हवा होता.

दरवर्षी तो डाव मागे आणि दरवर्षी हरे. कारण पाणमांजरांकडे एक काठी होती. त्यांच्या आजोबांना ती टकटकबुवा नावाच्या सुतारपक्ष्याने करून दिली होती. शिसवीचे लाकूड. मुठीपाशी साळिंदराच्या काट्यांची चार शंकरपाळी बसवलेली. टोकाला पांढरी कडी. आणि मुठीच्या थोडे वर दातांची एक खूण. पहिल्यांदा डोह जिंकला तेव्हा आजोबांनी आनंदाने काठीलाच चावा घेतला होता. त्या खाचेत झिंगीचा अंगठा बरोबर बसे.

झिंगी म्हणजे त्यांची नात. घराण्याच्या वतीने आता तीच खेळे. ती फारसे बोलत नसे. पण अंगठा खाचेत बसला की तिचा चेंडू चुकत नसे.

घराचा कारभार मरळआत्याकडे होता. ती झिंगीची आत्या. बोलायचे सगळे काम तीच करी.

एका फाल्गुनात जंगलात धनेशपंत आले. धनेश पक्षी तुम्ही पाहिला असेल. चोचीवर आणखी एक चोच असल्यासारखा दिसतो. धनेशपंतांच्या गळ्यात भिंग होते.

"आम्ही जुन्या काठ्यांची पारख करतो," ते म्हणाले. "तुमच्या घरात काय दडलंय, तुम्हाला ठाऊक नसतं."

दुसऱ्या दिवशी टेबलापाशी ही रांग लागली.

पहिला आला भिकोबा वानर. त्याने सकाळभर खपून पणजोबांची काठी चिंचेने घासली होती. तिचा पितळी सांधा चमचम करत होता. धनेशपंतांनी भिंग लावले आणि डोळे मिटून घेतले.

"काय केलंत हे?"

"घासली, पंत."

"अहो, शंभर वर्षांची घाण होती ती! ती घाण म्हणजेच किंमत. धुऊन टाकलीत!"

भिकोबा मटकन खाली बसला. रांगेतल्या बाकीच्यांनी लगेच आपापल्या काठ्या चिखलात बुडवल्या.

पुढच्या अस्वलाची काठी धनेशपंतांनी नुसती हुंगली. "ही घाण आजची आहे," ते म्हणाले. "पुढे."

सुळेराव आला तेव्हा त्याच्या हातात बाभळीची फांदी होती. सालही नीट काढलेली नव्हती.

"हे काय आहे?" धनेशपंतांनी विचारले.

"मी हिने खेळतो."

धनेशपंतांनी पानावर लिहिले, 'जळण.' सुळेरावाने ते पान खाऊन टाकले.

मग मरळआत्याने काठी पुढे केली. धनेशपंतांनी ती टेबलावर ठेवून लोटली. काठी सरळ गडगडत गेली. कुठेही उडाली नाही. धनेशपंत वाकले आणि काठीखालून कुठे उजेड दिसतो का ते पाहू लागले. दिसला नाही. त्यांनी शंकरपाळी मोजली. मग एकदम त्यांची चोच थरथरू लागली.

"टकटकबुवा!" ते पुटपुटले. "त्यांनी आयुष्यात सातच काठ्या केल्या. सहा वाळवीने खाल्ल्या. आणि ही टोकाची कडी! ही जर हस्तिदंताची असेल तर किंमत दुप्पट."

गर्दीत मागे हत्तीणकाकू उभ्या होत्या. त्या खाकरल्या.

"कोणाच्या दाताची म्हणालात?"

"आणि नसेल," धनेशपंत घाईने म्हणाले, "तर तिप्पट."

मरळआत्याला राहवेना. "पण पंत, एकूण किती?"

"नऊशे पोळी मध."

जंगलात सगळी मिळून चाळीस पोळी होती. तरी सगळे 'अबब' म्हणाले.

"एवढा मध देणार कोण?" झिंगीने हळूच विचारले.

"कुणीच नाही, बाळ," धनेशपंत म्हणाले. "विकायची कशाला? किंमत कळली, झालं. आता नीट ऐका. हिला पुसायचं नाही. हिला तेल लावायचं नाही. उन्हात न्यायची नाही. डोहाकाठची ओलसर हवा मानवली आहे, तीच ठेवा. आणि मुख्य म्हणजे हिने खेळायचं नाही. दर डावाला शंभर पोळी उतरतील."

"आणि ही दातांची खूण?" आत्याने विचारले.

"मालकाचा दात? स्वतःचा? अहाहा!" धनेशपंतांनी भिंग पुसले. "त्याला मात्र बोटसुद्धा लावू नका."

झिंगीने अंगठा मागे घेतला.

त्या दिवसापासून पाणमांजरांचे घर बदलले. काठीसाठी सालीची पेटी झाली. पेटीत सावरीचा कापूस आला. पाहुणे येऊ लागले. पूर्वी पाहुणे आले की आत्या मासे वाढायची. आता पेटी उघडून दाखवायची आणि पटकन मिटायची. पाहुणे उपाशीच पण खूश होऊन जात.

चैत्र आला. डावाचा दिवस उद्यावर आला.

"आत्या, काठी दे ना," झिंगी म्हणाली. "हात बसवायला हवा."

"कुठली काठी?"

"आपली."

"झिंगे, ती आता नऊशे पोळ्यांची आहे. तू बांबू घे. काकांनी छान तासून ठेवलाय."

"बांबूला खाच नाही. माझा नेम चुकेल. डोह जाईल, आत्या."

"डोहाचं काय घेऊन बसलीस? डोह पाण्याचा आहे. पाणी काय, पावसात सगळीकडे असतं. ही टकटकबुवांची आहे. ती गेली तर परत येणार आहे का?"

"जाईल कुठे? माझ्या हातातच असेल."

"हातात म्हणजेच गेली," आत्या म्हणाली. आजूबाजूच्या सगळ्या पाणमांजरांनी माना डोलावल्या. इतके शहाणपणाचे वाक्य त्यांच्या घरात आजवर कुणी बोलले नव्हते.

डावाला सारे जंगल जमले. झिंगी बांबू घेऊन उभी राहिली. सुळेराव आपले जळण घेऊन उभा राहिला.

झिंगीने सहा चेंडू पाडले. सातवाही पाडला. मग काळा राहिला. भोकापासून वीतभर. असला चेंडू ती एरवी डोळे मिटून पाडत असे. तिने बांबू धरला. अंगठा खाच शोधत वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. खाच नव्हती. तिने टोला दिला. काळा चेंडू भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबला आणि तिथून सगळ्यांकडे बघत राहिला.

सुळेरावाने आपले उरलेले तीन चेंडू पाडले. मग काळा नुसता ढकलला.

"हरलीस गं," मरळआत्या म्हणाली. पण तिने पेटी छातीशी घट्ट धरली होती आणि तिचा चेहरा शांत होता. "जाऊ दे. हिला ओरखडाही आला नाही."

पाणमांजरे टेकडीवर राहायला गेली. तिथे दगड होते. दगडांवर ऊन होते. पिण्याचे पाणी खालून पानांच्या द्रोणातून आणावे लागे. माशांची नुसती आठवण काढत. झिंगीच्या धाकट्या भावंडांची लव कोरडी पडून अंग खाजू लागले.

दहा दिवसांनी आत्याने पेटी उघडली आणि किंचाळली. काठी केसभर वाकली होती. तिला ओलसर हवा हवी होती, आणि हवा तर डोहाकडे राहिली होती.

मग सगळ्यांनी पाळी लावली. एकेकाने पेटीशेजारी बसून काठीवर श्वास सोडायचा. पिण्याचे पाणी आधी पेटीतल्या कापसावर शिंपडायचे, उरले तर प्यायचे. तरी भागेना. शेवटी आत्या पेटी घेऊन डोहावर गेली.

सुळेराव गळ्यापर्यंत चिखलात बसला होता.

"सुळेराव, तुमच्या पाया पडते," आत्या म्हणाली. "जरा ओल हवी होती."

"सगळ्यांना?"

"छे छे. आमचं काय, आमचं चाललंय. हिला."

सुळेराव चिखलात जरा सरकून बसला. तो मनाने वाईट नव्हता. "काठी राहू दे," तो म्हणाला. "तुम्ही नको. गर्दी होते."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आले. टेकडीवर आल्यापासून तेवढेच पाणी तिच्यापाशी उरले होते.

आणि मुलांनो, त्या दिवसापासून काठी डोहाकाठी राहू लागली आणि काठीची माणसे दगडावर. काठी पुन्हा सरळ झाली. झिंगी रोज टेकडी उतरून तिला लांबून बघून येई. एकदा तिला दिसले, सुळेराव पेटी उघडून काठीने पाठ खाजवतो आहे. त्याला किंमत समजली नव्हती, म्हणून त्याच्या ती कामाला आली. झिंगीने हे घरी सांगितले नाही. तिला त्याची पाठ बघून बरे वाटले होते.

वर्ष सरले. फाल्गुनात धनेशपंत पुन्हा आले. मरळआत्या त्यांना डोहावर घेऊन गेली. मागून झिंगी गेली. सुळेरावाने त्यांना उभे राहण्यापुरती जागा दिली.

धनेशपंतांनी काठी लोटून पाहिली. भिंग लावले.

"हे ओरखडे नवे आहेत."

आत्या पांढरी पडली.

"यांत डुकराचा केस अडकलाय. अस्सल आहे!" धनेशपंत म्हणाले. "आता मला सांगा, ही काठी इथे, आणि तुम्ही तिकडे वर. हे कसं?"

आत्याने सगळी हकीकत सांगितली. बांबू, काळा चेंडू, टेकडी, श्वासाच्या पाळ्या. धनेशपंत ऐकत होते आणि त्यांची चोच पुन्हा थरथरू लागली होती.

"म्हणजे या काठीला जपण्यासाठी एका घराण्याने आपला डोह घालवला?"

"हो, पंत."

"अशी हकीकत जगातल्या दुसऱ्या कुठल्याही काठीला नाही! लिहून द्या. पंजाचा ठसा उमटवा. आजपासून किंमत बाराशे पोळी."

मरळआत्याने तिथेच चिखलात दोन उड्या मारल्या. सुळेराव म्हणाला, "जपून. माझी जागा आहे ती."

झिंगीने आत्याचा हात धरला. वर्षभरात ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "आत्या, आठ दिवसांनी डाव आहे. या वर्षी तरी काठी दे. मी डोह परत आणते. धाकट्यांच्या अंगाचे केस जायला लागलेत गं."

आत्याने धनेशपंतांकडे पाहिले. "पंत, डोह परत आला तर?"

"तर हकीकत बिघडेल," धनेशपंत म्हणाले. "पुन्हा आठ-नऊशेवर."

"आणि परत नाही आला तर?"

"दोनदा गेला तर दीड हजार कुठे गेले नाहीत."

मरळआत्याने झिंगीला जवळ घेतले. तिच्या कोरड्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.

"ऐकलंस ना बाळ?" ती म्हणाली. "मग या वर्षी नीट हर."

तात्पर्य: मुलांनो, घरात मौल्यवान वस्तू असेल तर आधी तिच्या राहण्याची सोय लावावी. माणसे काय, उरलेल्या जागेत मावतात. आणि ती वस्तू चुकूनही वापरू नये. एकदा उपयोगी पडली की ती साधी वस्तू होते आणि मग आपल्याकडे कुणी बघायला येत नाही.

आता तुम्ही विचाराल, हे सगळे मला कसे ठाऊक. तसे काही नाही. आमच्या घरात एसी एकाच खोलीत आहे आणि त्या खोलीत आम्ही कुणी झोपत नाही, एवढेच. तिथे चादर टाकून ठेवलेले पूलचे टेबल आहे आणि भिंतीवर एक लांब पेटी आहे. बाहेर फार उकडते, म्हणून मी आत्ता गुपचूप त्या पेटीखाली बसून लिहिते आहे. पेटीला कुलूप नाही. आतल्या काठीच्या मुठीपाशी एक छोटीशी खाच आहे आणि माझा अंगठा तिथे

"ऋजुता! खोलीत कोण आहे गं? दार उघडं टाकलंय, सगळी गार हवा माणसांकडे जातेय!"

आले, काका! मुलांनो, मी ती फक्त एकदाच हातात घेतली, आणि तीसुद्धा नुसती बघायला, चेंडू तर आपोआपच