रशीद सरांचा एकच प्रश्न

रशीद सरांनी आपल्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना अभिप्रायाचा फॉर्म वाटला होता. बिर्याणीच्या ताटाबरोबर एकेक कागद आणि एकेक पेन्सिल. पहिला प्रश्न : समारंभाची उद्दिष्टे आपणास स्पष्ट झाली का? दुसरा : जेवणासाठी दिलेला वेळ पुरेसा होता का? तिसरा : येथे मिळालेल्या अनुभवाचा आपण दैनंदिन जीवनात कसा उपयोग कराल? सरांच्या एका मामांनी तिसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं, ‘घरी जाऊन झोपीन.’ नवरदेवानंही फॉर्म भरला. पहिल्या प्रश्नापुढे त्यानं ‘अंशतः’ एवढंच लिहिलं.

सरांनी सगळे फॉर्म घरी नेले, तक्ता केला आणि आठ दिवसांनी मला म्हणाले, “बाई, बहुतेक लोकं रायत्यावर नाराज होते. पुढच्या टायमाले सुधारणा करू.”

त्यांना मुलगी एकच होती.

मी तेव्हा चंद्रपुरात, विद्यापीठाच्या शिक्षण-प्रशिक्षण धोरणाच्या अभ्यास केंद्रात त्यांची सहायक होते. आमचं काम म्हणजे कोणी कोणाला काय शिकवलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे शोधून अहवाल लिहिणं. शिक्षकांची प्रशिक्षणं, बायकांची प्रशिक्षणं, प्रशिक्षण देणाऱ्यांची प्रशिक्षणं. अहवाल जाडजूड व्हायचे. सर मात्र कुठल्याही अहवालाचं शेवटचं पान उलटून एकच विचारायचे, “ते सारं ठीक हाय. पण शिकलं कोण?”

एकदा केंद्राच्या संकेतस्थळासाठी संचालक साहेबांनी सगळ्यांना आपापलं तज्ज्ञत्व लिहून मागितलं. एकानं अर्धं पान भरून ‘अभ्यासक्रम विकसन, क्षमता संवर्धन, धोरणात्मक मूल्यमापन’ असं काय काय लिहिलं. रशीद सरांनी लिहिलं, ‘मी विचारतो.’

साहेब म्हणाले, “रशीद, दोन शब्दांत तज्ज्ञत्व होते का? थोडं वाढवा ना.”

सरांनी कागद परत घेतला आणि खाली लिहिलं, ‘परत विचारतो.’

या प्रश्नापायी ते कधी कधी स्वतःही गोत्यात यायचे. केंद्रात आग विझवण्याचं प्रशिक्षण झालं. दोन तास एक गृहस्थ लाल नळकांडं टेबलावर ठेवून बोलले. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर उठले. “शिकलं कोण?” सगळे खाली बघायला लागले. “मंग मी करून पायतो,” असं म्हणत सरांनी पिन ओढली. नळी कोणत्या दिशेला धरायची हे बहुधा त्या दोन तासांत राहून गेलं असावं. साहेब आपल्या खुर्चीवर पांढरेफटक होऊन बसले होते, भुवयांसकट. सरांनी त्यांना आधी चष्मा पुसून दिला, मग वहीत नोंद केली, ‘एक जण शिकला. नळी उलटी धरू नये.’

तर असे हे सर आणि मी एकदा सिंदेवाहीच्या पुढे, जंगलातल्या एका गावी गेलो. तिथं एका संस्थेनं बायकांना शिवणकाम शिकवलं होतं. आम्हाला फक्त जाऊन पाहायचं होतं. समाजमंदिरात तीन शिलाई मशिनी ओळीनं उभ्या होत्या, कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकसकट. भिंतीवर प्रमाणपत्रं टांगलेली. दहा-बारा बायका बसल्या होत्या. त्यांच्यात सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांत बोलकी सोमीबाई.

“जोहार, बाई,” सर म्हणाले. “किती दिवस शिकवलं?”

“धा दिवस.”

“मंग शिकलं कोण?”

सोमीबाईनं थोडा विचार केला. “मॅडम शिकली ना!”

“कोन मॅडम?”

“शिकवाले आलती ते. आली तवा तिले मोहफुलं वेचता येत नोहोती. आमी सकाळी संग नेलं. जाताना टोपलंभर वेचून नेलीन बाप्पा, लय हुशार पोरगी.”

बायका हसायला लागल्या. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “आन् मशीन?”

“ते तं पडद्यावर दाखवे. मशीनले हात नोका लावू म्हने, खराब होईन.”

परत आल्यावर महिन्याभरानं सरांनी अहवाल लिहिला. शेवटचं वाक्य असं होतं : ‘या प्रशिक्षणात एक व्यक्ती शिकली. व्यक्ती : प्रशिक्षिका. विषय : मोहफुले वेचणे.’

साहेबांनी ते वाचलं आणि पाणी मागवलं. अहवाल थेट वर जाणार होता. “रशीद, एवढी एक ओळ काढा. नाई तं पुढचा अभ्यास आपल्याले कोणी देणार नाई.”

“काऊन काढू, साहेब? खोटं हाय का?”

“खोटं नाई. पण हसतील ना लोकं!”

“हसू द्या. मी तं तिथी हसलोच नाई.”

सर बॅग उचलून घरी गेले. मग साहेबांनी स्वतःच ती ओळ काढली, शेवटचं पान नव्यानं छापलं आणि शनिवारी माझ्या हातात दिलं. “सोमवारी सकाळी सही पायजे. तुमचं ऐकतील ते.”

रविवारी मी सरांच्या घरी गेले तर दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, “ते तं सिंदेवाहीच्या बसनं गेले. दर रविवारीच जातेत आताशा.”

मीही गेले. बसमधून उतरून पायी गावात पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. समाजमंदिराच्या ओसरीत मशिनी आणून ठेवल्या होत्या, प्लास्टिक काढून. रशीद सर बाह्या वर करून, गळ्यात टेप अडकवून उभे होते आणि सोमीबाई त्यांना रागावत होती. “तुमची शिलाई वाकडी, सर! माही पाहा कशी सरळ हाय.”

“सरळच हाय, बाई. मले इतकीच येते. याच्याफुडचं तुमी शोधा.”

मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे झाले. भिंतीला टेकून खाली बसले, मलाही बसायला सांगितलं. मी कागद बाहेर काढणार तेवढ्यात स्वतःच बोलायला लागले.

“माहे अब्बा टेलर होते, बाई. मशीन घरातच. मले लय म्हणत, बेटा, बस इथी, शिकून घे. मी म्हणो, मले मोठं शिक्षण घ्याचं हाय. घेतलं. त्यांच्याजवळून एक सरळ शिलाई तेवढी शिकलो, ते बी रडत.” गळ्यातला टेप काढून गुंडाळत म्हणाले, “बायको तं आधीच गेली होती. मंग अब्बा गेले, पोरगी सासरी गेली. दुपारी घरात काईच आवाज येत नाई. डोळाच लागत नाई माहा.”

सोमीबाई शिवत होती. खडखड, खडखड. सरांची मान हळूहळू छातीवर आली. तोंड थोडं उघडं राहिलं.

मी कागद पर्समध्ये परत ठेवला. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, सर कामात होते, सही मिळाली नाही. त्यांनी सरांची सही असलेला जुनाच अहवाल त्या ओळीसकट पाठवून दिला. पुढचा अभ्यास आम्हाला खरंच मिळाला नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी सोमीबाईच्या मशीनचा दोरा संपला. खडखड थांबली आणि सर झोपेत चाळवले, कपाळाला आठी पडली. सोमीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या बाईला डोळ्यानंच खुणावलं. तिनं घाईनं आपल्या मशीनवर पाय ठेवला. ती दमली तेव्हा तिसरी बसली. दोरा नव्हता, कपडा नव्हता. चारची बस येईपर्यंत त्या बायका आळीपाळीनं नुसत्याच मशिनी चालवत बसल्या.