डोमाभाऊंचा शेवटचा रोल

डोमाभाऊ बिसेन फोटो काढायच्या आधी चपला काढतात. देवळासमोर काढतो तशा, जोडीनं, एका बाजूला. मग अनवाणी उभे राहतात, कॅमेरा डोळ्याला लावतात आणि बराच वेळ काहीच करत नाहीत. "पाय जमिनीले लागले का हात हालत नाई," हे त्यांचं शास्त्र. आमच्या कामठ्यात मे महिन्याच्या दुपारी एकदा जमिनीला पाय लावून बघा म्हणावं. हात सोडा, अख्खा माणूस हालतो. डोमाभाऊ मात्र उभे. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर, ओठ आवळून. एवढं भाजून घेतल्यावरही दहातल्या नऊ वेळा ते कॅमेरा खाली करतात, चपला घालतात आणि म्हणतात, "आज नाई जमून राहिलं."

"अहो, मग उभे कशाला राहिलात इतका वेळ?" मी एकदा चिडून विचारलं होतं.

"बटन दाबाले अक्कल लागत नाई मॅडम. न दाबाले लागते."

मॅडम म्हणजे मी. इथल्या शाळेत शिकवते, आणि डोमाभाऊंच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. त्यामुळे त्यांचं खोकणं, रेडिओ आणि बायकोशी चाललेलं भांडण, तिन्ही मला फुकटात ऐकू येतं. मी काही फार सोशिक बाई नाही. पण डोमाभाऊंवर पुरतं रागावणं मला कधी जमलेलं नाही.

गोंदियात बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे खुर्चीवर गिऱ्हाईक आणि डोमाभाऊ, मागे पडद्याआड फोटो धुवायच्या लाल दिव्याच्या खोलीत सकूवहिनी. पुढे मोबाईल आले, गिऱ्हाइकं गेली, आणि नवरा-बायको स्टुडिओला कुलूप लावून गावी, कामठ्याला परतले. येताना एक कॅमेरा, रोल धुवायची थोडी औषधं आणि दोन ठाम मतं एवढं बरोबर आणलं. पहिलं मत, "मोबाईलमध्ये फोटो राहत नाई, फोटोची अफवा राहते." दुसरं, "चाळीस वर्षांत आपला एक रोल कोरा गेला नाई." हे दुसरं ते पोस्टमनलाही सांगत आणि म्हशीचं दूध काढायला येणाऱ्यालाही. वहिनी तेव्हा हमखास आत निघून जायच्या. मला वाटायचं, तेच तेच ऐकून कंटाळल्या असतील.

करोनाच्या वर्षी मार्चमध्ये सकूवहिनी लेकीच्या बाळंतपणाला बालाघाटला गेल्या. बालाघाट काही सातासमुद्रापार नाही. नदी ओलांडली की मध्यप्रदेश. बरं, जातानाही भांडण झालंच.

"तुळशीले पाणी टाकजा. मांजरीले दूध देजा. मुंगवड्या मॅडमसंगं करून घेजा. नाई तं तुमी काई करणार नाई, मले ठाऊक आहे."

"पुरावा देईन," डोमाभाऊ गरजले. "रोज एक फोटो! आली का पाहजो!"

घरात एकच रोल शिल्लक होता. छत्तीस फोटोंचा. तो त्यांनी त्याच दिवशी कॅमेऱ्यात घातला. आणि पहिला फोटो जमायच्या आतच, चार दिवसांत देश बंद झाला. पुलावर पोलीस बसले. वहिनी नदीच्या तिकडे, डोमाभाऊ इकडे, आणि दोघांच्या मध्ये महाराष्ट्राची हद्द.

आधी त्यांनी त्याची चेष्टाच केली. "एकवीस दिवस ना? एकवीस फोटो बुढीले दाखवाले. उरले पंधरा. ते बोदलकशाच्या पाण्याचे." दर उन्हाळ्यात ते एसटीनं तिरोड्याकडे जाऊन बोदलकशाच्या तलावावर दिवसभर अनवाणी उभे राहून येतात. त्या वर्षी त्यांचं राज्य आमच्या बोरिंगपासून समाजमंदिरापर्यंत. त्यापलीकडे पाऊल टाकलं तर पोलीस पाटील हाक मारायचा. मग त्यांनी बोदलकसा गोठ्यातच आणला. म्हशीच्या टाक्यातल्या पाण्यात आभाळ दिसतं, ते टिपायला दोन सकाळी घालवल्या. म्हैस पाणी प्यायला आली की आभाळ मोडायचं. "हट! अवो, थांबा ना जराशा!" असं ते म्हशीला अहोजाहो करत. तिसऱ्या दिवशी जमलं.

तुळशीचा फोटो झाला. मांजरीला वहिनींच्या गोधड्यांत चार पिल्लं झाली, त्यांचा झाला. आमच्या गच्चीवर मी आणि त्यांनी मिळून मुंगवड्या घातल्या, त्यांचा झाला. माझ्या वड्या एकसारख्या आणि त्यांच्या प्रत्येकीला वेगळं तोंड. भाताच्या मुलखात जन्म काढलेल्या या माणसाला भात रांधता येत नव्हता. पहिल्या दिवशी तळाला कोळसा, वर पेज. त्याचाही फोटो. मी म्हटलं, "हा कशाला वाया घालवता?"

"काऊन? तिले समजलं पाहिजे का मी उपाशी नवतो."

एक दिवस पाहते तर अंगणातल्या तारेवर वहिनींच्या चार साड्या. धुऊन, पिळून, नीट पसरून. नेसणारी तर बालाघाटला. मी भिंतीवरून डोकावले तर डोमाभाऊ अनवाणी उभे आणि कॅमेरा साड्यांकडे. "पेटीत राहून वास लागते ना," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी खाली उतरले.

एकवीस दिवस संपले आणि सरकारनं मुदत वाढवली. गावात कुणाचं लग्न अडलं, कुणाचं धान अडलं. डोमाभाऊ आमच्या दारात येऊन हात नाचवत म्हणाले, "मॅडम, तुमी सरकारी माणूस आहा. वरती सांगा, मायाजवळ पंधराच उरले!"

"काय पंधरा?"

"फोटो! बोदलकसा तं गेलाच. आता हे किती दिवस चालवून राहिले, त्याचा काई हिशेब?"

आता मला हसू येतं, पण तेव्हा त्या माणसाचा जीव खरंच टांगणीला लागला होता. दुकानं बंद, गोंदियात रोल मिळत नाही, नागपूरहून यायचा प्रश्नच नाही. वहिनींना रोज एक फोटो कबूल केलेला आणि रोज एक कमी होतोय. फोनवर मात्र तोरा कायम. साधाच फोन तो, त्यात तोंड दिसत नाही, म्हणून बालाघाटपर्यंत आवाज आपोआप पोचावा असं ओरडायचे. "सगळं व्यवस्थित आहे! पुरावा आहे मायाजवळ!"

आमच्या सासूबाईंनी याच सुमारास एक घोळ घातला. पंच्याऐंशीच्या आहेत. रोज टीव्हीवर आकडे ऐकून त्यांनी ठरवलं, आता आपला नंबर. नऊवारी नेसून, केसांना तेल चोपडून डोमाभाऊंच्या दारात जाऊन बसल्या. "डोमा, माया एक फोटो काढून दे. भिताडाले टांगाले."

डोमाभाऊंनी हात जोडले. "काकी, रोल कमी आहे. लॉकडाऊन उठेपर्यंत मरू नका."

सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

एप्रिल संपता संपता छत्तीस फोटो झाले. डोमाभाऊंचा चेहरा सुतक असल्यासारखा. पण रोल पुढे सरकवायचा, रोल संपला की अडायला हवा असा कॅमेऱ्याचा खटका फिरला. सदतीस. फिरला, अडतीस. "कंपनी देते एखाद-दोन जास्तीचे," ते म्हणाले. आकडा अडतीसवर जाऊन बसला तरी खटका आपला फिरतोच आहे. एकोणचाळीस. चाळीस. गल्लीत बातमी पसरली की डोमाच्या रोलमध्ये बरकत आली. समोरच्या काकूंनी कॅमेऱ्याला कुंकू लावायला आणलं, तेव्हा मात्र ते कॅमेरा पोटाशी धरून आत पळाले. त्या आनंदात सासूबाईंनाही बोलावून आणलं. अनवाणी उभे राहिले, श्वास धरला आणि पहिल्याच खेपेला बटन दाबलं. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, "आता बिनघोर."

चाळीस वर्षं ज्यानं हाच धंदा केला त्याला शंका आली नसेल? आली असणार. पण शंका घेतली तर मागचं सगळंच हातचं जाणार, म्हणून त्यांनी ती घेतलीच नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही घेतली नसती.

मेच्या शेवटी वहिनींना पास मिळाला. येत्या चार दिवसांत येतात म्हणून कळलं आणि डोमाभाऊंनी रोल धुवायला काढला. मी भर दुपारी त्यांच्याकडे अंबाडीची भाजी द्यायला गेले. बघते तर काय, माणूस खाटेवर गोधडीत गुरफटून बसलाय! बाहेर आग ओतते आहे आणि आत गोधडी हालते आहे. मी दारातूनच ओरडले, "डोमाभाऊ! थंडी वाजते का? ताप आहे का?"

"आवाज नका करू," गोधडीतून उत्तर आलं. "अंधार पाहिजे. कॅमेरा उघडून राहिलो."

मग गोधडीचं हालणं थांबलं. मग डोमाभाऊंचं डोकं बाहेर आलं, घामानं निथळलेलं.

"मॅडम, रोल सरकलाच नाई."

"म्हणजे?"

त्यांनी दाखवलं. रोलचं टोक समोरच्या चकरीच्या खाचेत अडकवायचं असतं. ते अडकलंच नव्हतं. खटका फिरत होता, चकरी फिरत होती आणि रोल आपला डबीत झोपलेला. तुळस, पिल्लं, मुंगवड्या, साड्या, सासूबाई, सगळं त्या टोकावर एकावर एक पडलं होतं. बाकीचा रोल कोराच्या कोरा.

"आता तिले काय दाखवू?" त्यांनी विचारलं. हसायची बात नव्हती. मी भाजीचं भांडं तिथंच ठेवलं आणि घरी आले.

सासूबाईंना सांगायला ते स्वतः आले. खाली मान घालून उभे राहिले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग आता मरता येत नाई म्हण!" तेव्हाही ते हसले नाहीत. पुढचे तीन दिवस भिंतीपलीकडे रेडिओ नाही, फोनवर ओरडणं नाही.

वहिनी आल्या. पण घरी नाही. बाहेरून येणाऱ्याला चौदा दिवस आमच्या शाळेत ठेवायचे आणि तिथं माझी ड्यूटी. चौथीच्या वर्गात वहिनींची सतरंजी. दुपारी डोमाभाऊ फाटकापाशी येऊन उभे राहिले. गळ्यात कॅमेरा, तोंडाला गमछा. वहिनी व्हरांड्याच्या पायरीवर. मध्ये माझी खुर्ची आणि माझं रजिस्टर.

"कशी आहेस?" नाही, "नात कशी आहे?" नाही. डोमाभाऊंनी एकदम सांगून टाकलं, "सकू, रोल कोरा गेला."

वहिनींनी डोळे बारीक केले. "रोल कोणं भरला होता?"

"मीच."

"तेच तं!" वहिनी हसायला लागल्या ते थांबेचनात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, चाळीस वर्षं रोल मीच भरून देत होती. ह्यायचे बोटं जाड, घाई मोठी. लग्नाचा सीझन राहो का बारसं, आतून मी भरून द्याची, बाहेर हे बटन दाबाचे. ह्यायनं जिंदगीत एक रोल भरला नाई."

मी डोमाभाऊंकडे पाहिलं. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस फाटकाच्या गजावरचा गंज नखानं खरवडत होता. "चाळीस वर्षांत आपला" म्हणताना त्यातला 'आपला' दोघांचा होता, हे मला तेव्हा समजलं. त्यांनाही कदाचित तेव्हाच समजलं असेल.

"अना पुरावा कायचा देणार होते?" वहिनींनी विचारलं. "तुळस तं मॅडम फोनवर सांगतच होत्या, हिरवीगार आहे म्हणून."

डोमाभाऊ काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला, आयकू नाई येऊन राहिलं!"

त्यांनी तोंडावरचा गमछा खाली ओढला आणि बालाघाटला ओरडायचे त्याच आवाजात ओरडले, "घरात तुयाबिना करमत नाई, हे दाखवाचं होतं!"

वर्गांच्या खिडक्यांतून सुरतेहून, हैदराबादेहून परतलेली दहा-बारा माणसं बाहेर डोकावली. वहिनी लाजल्या. साठीच्या बाईला असं लाजताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"रोल जवळ आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

शर्टाच्या खिशातून डबी निघाली. आता हद्द झाली की नाही? विलगीकरणातल्या बाईला बाहेरची वस्तू! मी दोघांना चांगलं खडसावलं. मग कॅमेरा आणि डबी सॅनिटायझरच्या फडक्यानं पुसून मीच पायरीवर ठेवून आले आणि खुर्चीत बसून रजिस्टरात नको ती पानं उलटत राहिले. वहिनींनी पदराच्या सावलीत कॅमेरा उघडला. टोक खाचेत घातलं, अंगठ्यानं दाबलं, झाकण लावलं, एकदा खटका फिरवला आणि डावीकडची बारीक चकरी फिरते का, म्हणजे रोल सरकतोय का, ते वाकून पाहिलं. सगळं मिळून भाकरी उलटायला लागतो तेवढा वेळ.

"घ्या. कोराच आहे, सगळा बाकी आहे. आता पुरवून वापरा, चौदा दिवस आहेत."

मी कॅमेरा पुन्हा पुसून फाटकापाशी दिला. डोमाभाऊंनी चपला न काढताच तो डोळ्याला लावला आणि लगेच बटन दाबलं. खटका फिरवला, दाबलं. वहिनी पदर सावरतात, दाबलं. वहिनी तोंड फिरवतात, दाबलं. "अवो, काय करून राहिले?" म्हणत त्या हात आडवा धरतात, त्याचाही फोटो. खिडक्यांतली माणसं मोजायला लागली. बारा, तेरा, चौदा.

"अवो, रोल संपून जाईल ना!" वहिनी ओरडल्या.

"संपू दे," डोमाभाऊ म्हणाले आणि त्यांनी खटका फिरवला.