शेवंताकाकीची फुकटची विडी

आमच्या शेजारची शेवंताकाकी अनोळखी माणसालाही बेधडक सांगते, "मी सगळो जल्म विडी ओढलंय." समोरचा दचकतो. साधी सुपारीही तोंडात न टाकणारी ही बाई, आणि विडी? मग ती पुढचं सांगते, "ओढली ह्येनी, गेली माझ्या छातीत. फुकट."

'ह्येनी' म्हणजे तिचे यजमान, आबाकाका. देवमाणूस हो, पण विडी काही ओठांवरून उतरायची नाही. पावसाळ्यात तर दारं लावून माजघरातच धूर सोडायचे, आणि काकी समोर बसून तांदूळ निवडायची.

तिचा खोकला हटेना तेव्हा मीच दोघांना कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "विडी-सिगारेट ओढता?"

"होय," काकी म्हणाली.

"दिवसाला किती?"

"ता ह्येंका इचारा."

मला हसू आवरेना. आबाकाका मात्र पायातल्या वहाणांकडे बघत बसले. काकीची छाती पार थकली आहे, यापुढे धुराजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या दिवसापासून आबाकाका विडी ओढायला समुद्रावर जायचे. पण शिमग्याआधी अचानक तेच गेले. मूलबाळ नाही. एवढ्या घरात काकी एकटी उरली.

तेव्हापासून तिला हे खूळ लागलं. बंदराकडच्या टपरीवर कॉलेजची पोरं सिगारेट पेटवून उभी असली, की ही बाजाराची पिशवी घेऊन नेमकी त्यांच्यात जाऊन उभी राहते. "ओढा झिलांनू. अर्धी माका गावता." पोरं खिदळतात. त्यांत आमचे चिरंजीव ओंकारही असतात. तंबाखूवरच्या निबंधाला शाळेत बक्षीस मिळवलंय कार्ट्याने! पण जे काय व्हायचं ते ओढणाऱ्याला, बाजूच्याला काय होतंय, असं त्याचं ठाम मत.

"काकी, आमी भायर ओढतो. धूर वाऱ्यार जाता," त्याने एकदा तिला समजावलं.

"वारो काय तुझो गडी आसा, सांगशीत थंय जावक?"

त्यावरही सगळे हसले.

परवा पितृपक्षातला आबाकाकांचा म्हाळ होता. पितरांची वाडी, म्हणजे कावळ्यासाठी वाढलेलं पान, परसात मीच ठेवली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं होतं, पण कावळा काही शिवेना. आम्ही हात जोडून ताटकळलो.

"ह्येंका विडी होई," काकी म्हणाली.

तिच्या घरात आता विडी कुठली? ओंकारने धावत जाऊन टपरीवरून विड्यांचा कट्टा आणला. काकीने चुलीतला निखारा करवंटीत घेतला, विडी पेटवली आणि पानाच्या कडेला ठेवली. जरा वेळाने कावळा आला, वडा उचलून गेला. आम्ही सुटलो बाबा म्हणत जेवायला आत वळलो.

पानं वाढून झाली तरी काकी येईना. ओंकार बघायला गेला, त्याच्या मागोमाग मी. ती वाडीपाशी उकिडवी बसली होती. विडी विझली की पुन्हा निखाऱ्याला लावायची, वाकून फुंकर घालायची, आणि धूर नाकातोंडात गेला की कळवळून खोकायची. तिचे डोळे वाहत होते.

ओंकारचा चेहरा पडला. त्याने खाली बसून तिचा हात धरला. "काकी, ऱ्हवांदे गो आता. तुझ्या छातीत जाता सगळो धूर."

"जावंदे," ती म्हणाली. "ओढूक माणूस नाय रे, म्हणान इझता ती."